समुद्रावर जाण्याची पूर्वतयारी

आमचें कुटुंब लहानमोठ्या सतरा माणसांचें. वर्षांतून एकदां चार दिवस सर्वांनीं मिळून कोठें तरी बाहेर जावयाचें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. गेलीं सहा वर्षें या परिपाठांत एक वाक्य न चुकतां येत असे. बेत ठरला, गाड्या सांगून झाल्या, लाडू-चिवड्याचे डबे भरूं लागले, कीं आमचे थोरले बंधू आपल्या खुर्चींतून म्हणत, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घर राखतों." मग त्यांच्यापाशीं कोणीं राहावयाचें याची वाटाघाट होई, आणि बहुधा वहिनीच राहत. "दादांना प्रवासाची दगदग सोसावयाची नाहीं," असें आम्ही एकमेकांस सांगत असूं. आणि तें इतक्या वेळां सांगून झालें होतें कीं, आमचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

दादांना सहा वर्षांपूर्वीं पक्षाघाताचा झटका आला. वाचा दोन महिन्यांनीं परतली, उजव्या हातांत पेला धरण्यापुरती शक्ति आली. उजवा पाय मात्र आला नाहीं. ३३ वर्षें हायस्कुलांत गणित शिकविलेले हे गृहस्थ आतां चाकांच्या खुर्चींत बसून वर्तमानपत्र, पंचांग आणि नातवंडांच्या वह्या पाहतात. घरांत दुसरी मावशी. आमच्या मातोश्रींची ही धाकटी बहीण. काचबिंदूनें तिची दृष्टि हळूहळू गेली; आतां उजेड आणि अंधार यांपलीकडे तिला कांहीं दिसत नाहीं. घरांतून मात्र ती अशी वावरते कीं, नव्या पाहुण्यास दोन दिवस पत्ता लागूं नये.

दिवाळीनंतर एके रात्रीं जेवतांना कोकणांत जाण्याचा विषय निघाला, तेव्हां मावशी म्हणाली, "मलाही न्या रे. समुद्राचें पाणी पायाला लागून वीस वर्षें झालीं." धाकट्या नातीनें लागलीच विचारलें, "आणि आजोबा, तुम्ही?" पंक्तींत एकदम शांतता पसरली. वहिनी वाढीत होत्या, त्या थांबल्या. दादा म्हणाले, "मला कोणीं विचारलें तर येईन."

सहा वर्षांत आम्हांपैकीं कोणींही विचारलें नव्हतें.

लाज वाटली म्हणजे माणूस घाई करतो. आमच्या पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं समुद्राकांठच्या एका नांवाजलेल्या रिसॉर्टला फोन केला. "चाकांच्या खुर्चीची सोय आहे काय?" "आहे ना, साहेब, सगळी सोय आहे." आम्हीं निम्मे पैसे आगाऊ भरून टाकले. पंधरा दिवसांनीं तो कामानिमित्त त्या बाजूस गेला असतां सहज जागा पाहून आला, तेव्हां ती सोय कळली. दाराशीं उतार होता, पण मुलांच्या घसरगुंडीइतका उभा, आणि त्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या. लिफ्ट होती, तिच्यापुढें तीन पायऱ्या होत्या. न्हाणीघराचें दार २४ इंच रुंद. दादांची खुर्ची हातचाकांसकट २६ इंच. तेथील व्यवस्थापकास त्यांत कांहींच वावगें दिसेना. "आमचीं मुलें उचलून नेतात ना," तो म्हणाला. पैसे परत मिळाले नाहींत, आणि न पाहतां भरल्याची चूक आमचीच असल्यामुळें फार भांडतांही येईना. 'सोय' हा आपल्या भाषेंतील मोठा ऐसपैस शब्द आहे. त्याच्या पोटांत काय आहे तें फोनवरून दिसत नाहीं.

हा वृत्तांत ऐकून घरांतील तरुण मंडळींना उलट जोर चढला. "त्यांचीं मुलें कशाला? आम्ही चौघे आहोंत. खुर्चीसकट उचलूं, त्यांत काय!" दादा शांतपणें म्हणाले, "मी पालखींतला देव नाहीं," आणि खुर्ची फिरवून आपल्या खोलींत निघून गेले. आम्हांस त्यांचा राग आला, हें येथें कबूल केलें पाहिजे. एवढीं मुलें आनंदानें करावयास तयार, आणि यांना त्यांत अपमान वाटतो!

त्या रात्रीं वहिनींनीं आम्हांस माजघरांत बोलाविलें आणि चार वर्षांपूर्वींच्या एका लग्नाची आठवण दिली. कार्यालय पहिल्या मजल्यावर होतें. मुलांनीं दादांना खुर्चीसकट १४ पायऱ्या वर नेलें. मध्येंच खुर्चीचा हात निखळून एकाच्या हातांत आला; हे हात काढतां-घालतां येण्यासारखे असतात, आणि धरून उचलावयाचे नसतात, हें त्याला ठाऊक नव्हतें. खुर्ची कलली, धोतराचा सोगा सुटला. दादा पडले नाहींत. मुलांनीं सांवरून घेतलें, वऱ्हाडी मंडळींनीं टाळ्या वाजविल्या, आणि आमच्या घरीं तो प्रसंग गंमत म्हणून पुष्कळदां सांगितला गेला. वहिनी म्हणाल्या, "त्या दिवसापासून ते बाहेर पडावयास नाहीं म्हणतात. दगदगीसाठीं नव्हे." त्या पायऱ्यांवरचें एक छायाचित्र आमच्या दिवाणखान्यांत लावलेलें आहे. आम्हीं उठून, दिवा लावून तें पाहिलें. सगळे हंसत आहेत. दादांचा डावा हात निऱ्यांवर घट्ट दाबलेला आहे. चार वर्षें त्या चित्राखालीं बसून आम्ही चहा घेत आलों होतों.

सकाळीं आम्हीं कोरी वही आणि पेन्सिल दादांपुढें ठेवून म्हटलें, "दादा, बेत आतां तुम्हीच करा. तुम्ही सांगाल तेथें जाऊं. तुम्ही नाहीं म्हणालांत, तर यंदा कोणीच जाणार नाहीं." बराच वेळ त्यांनीं वहीकडे पाहिलें. मग डाव्या हाताच्या वांकड्यातिकड्या अक्षरांत पहिली ओळ लिहिली: 'कोणत्याही कारणासाठीं उचलणें नाहीं.' त्याखालीं प्रश्न लिहिले. खोलीचें आणि न्हाणीघराचें दार चौकटीच्या आंतून किती इंच? रस्त्यापासून पलंगापर्यंत एकंदर पायऱ्या किती, आणि प्रत्येकीची उंची किती? उंबरठे किती? पलंग आणि संडासाचें आसन जमिनीपासून किती उंच? (खुर्चीच्या बैठकीइतकें असेल तर दादांना डाव्या पायावर उभें राहून, एकाच्या दंडास धरून, वळून बसतां येतें, फार खालीं असेल तर उठतां येत नाहीं.) उत्तर तोंडीं नको, प्रत्येक ठिकाणीं टेप लावून छायाचित्र पाठवावें.

नऊ ठिकाणीं हे प्रश्न गेले. पांच जणांनीं उत्तर दिलें नाहीं. तिघांनीं 'काळजी करूं नका' असें कळविलें. दादांनीं त्या नांवांवर फुली मारली. नववें उत्तर दापोली तालुक्यांतील मुरूड गांवच्या एका घरगुती निवासाच्या मालकांचें होतें. 'दोन पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. दोन्ही दारें ३० इंच. उंबरठा नाहीं. संडास खुर्चीचा आहे, पण धरावयास कांहीं नाहीं. तुमचें जमेल असें वाटत नाहीं.' सोबत टेप लावलेलीं सात छायाचित्रें होतीं.

"येथेंच जावयाचें," दादा म्हणाले.

सरकारी मानकांप्रमाणें खुर्चीच्या उताराचें प्रमाण एकास बारा असतें. म्हणजे एक इंच चढावयास एक फूट लांबी. पायऱ्यांची उंची १२ इंच, तेव्हां उतार १२ फुटांचा हवा. मालकांनीं तो गांवच्या सुताराकडून फळ्यांचा करविला. खर्च आम्हीं दिला. चाक घसरून बाहेर जाऊं नये म्हणून दोन्ही कडांस चार-चार बोटें उंचीच्या पट्ट्याही मारविल्या. दारें मानकाप्रमाणें ९०० मिलिमीटर, म्हणजे ३५ इंचांहून किंचित् अधिक पाहिजेत. पण ३० इंचांतून २६ इंचांची खुर्ची सरळ येत असेल तर निघते. या बाबतींत आपल्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, यांत २१ आहेत. हे सुगमतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवूं नका, बंधनकारक करा, असें सर्वोच्च न्यायालयानेंही नोव्हेंबर २०२४ मध्यें सांगितलें. कायदा आहे, उतारावर कुंड्याही आहेत.

राहण्याचें ठरलें तरी समुद्र राहिलाच. कोरड्या वाळूंत खुर्चीचीं पुढचीं लहान चाकें रुततात आणि ती जागच्या जागीं खिळते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्यें अशा खुर्च्यांसाठीं पाण्याच्या दिशेनें लांकडी वाट बांधण्यांत आली, आणि पंधरवड्याच्या आंत मांडूस वादळानें तिची मोडतोड केली. परदेशांत कित्येक किनाऱ्यांवर फुग्यासारख्या रुंद चाकांच्या खुर्च्या मिळतात. ग्रीस देशांत तर रुळांवरून खुर्ची थेट पाण्यांत नेणारीं, सूर्यप्रकाशावर चालणारीं यंत्रें बसविलेलीं आहेत. आमच्यापुढें यांतलें कांहीं नव्हतें. परंतु ओहोटी लागली म्हणजे मागें जी ओली वाळू राहते ती फरसबंदीसारखी घट्ट असते, आणि ही वाट दिवसांतून दोनदां फुकट उघडते. ती केव्हां उघडेल एवढेंच काढावयाचें.

येथें दादांचें पंचांग कामास आलें. किनाऱ्यावरचीं जुनीं माणसें सांगतात कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीस सायंकाळीं सहाला भरती, आणि आमच्यासाठीं वाट बंद. चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा. सकाळीं साडेदहाला भरती आणि सव्वासहा तासांनीं, पावणेपांचाच्या सुमारास, पुरती ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतें. त्या दिवसांत समुद्र जसा अधिक चढतो तसा अधिक उतरतोही, आणि ओल्या वाळूचा पट्टा सर्वांत रुंद मिळतो. पुतण्यानें मोबाईलवर भरतीचें कोष्टक काढून ताडून पाहिलें, तर अर्ध्या तासाचा फरक निघाला. दादांनीं वहींत कोष्टकाची वेळ लिहिली, आणि तिच्याखालीं पाऊणपटीचीही लिहिली. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीस निघावें, त्रयोदशी आणि चतुर्दशी समुद्रावर काढाव्या, आणि पौर्णिमेस सूर्यास्तापूर्वीं दत्तजन्मासाठीं घरीं पोंचावें असें ठरलें. दत्तजन्म चुकवावयाचा नाहीं, ही वहिनींची एकमेव अट होती.

मावशीच्या गरजा दादांच्या गरजांहून निराळ्या, कित्येकदां अगदीं उलट. दादांना पायरी नको. मावशीला पायरी चालते, तिला कठडा हवा आणि पायऱ्या किती तो आंकडा हवा. उलट कडेला पट्टी नसलेला उतार तिच्या दृष्टीनें धोक्याचा. तिची मागणी एवढीच होती कीं, पोंचल्याबरोबर कोणी तरी तिचा हात भिंतीवरून फिरवीत खोली एकदां दाखवावी, आणि त्यानंतर खुर्ची, बादली, चपला यांपैकीं कांहींही जागचें हलवूं नये. सतरा माणसांच्या कुटुंबांत ही दुसरी गोष्ट उतारापेक्षां कठीण! चालतांना तिला कोणी दंड धरून ओढलेलें आवडत नाहीं. ती आपण होऊन दुसऱ्याच्या कोपराला हलका हात लावते आणि अर्धें पाऊल मागून चालते. हें आम्हीं तिच्याकडून या वेळीं प्रथम ऐकलें. इतकीं वर्षें आम्ही ओढीतच होतों.

प्रवासाचा विचार करतांना आणखी एक गोष्ट बाहेर आली. वाटेंत खुर्ची जाईल असें शौचकूप मिळत नाहीं म्हणून दादा बाहेर निघावयाच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहींत. डॉक्टरांकडे जावयाचें असलें तरीही. वहिनींना हें ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें. पेट्रोलपंपांवर चाकांच्या खुर्चीचें चित्र रंगविलेलीं दारें आहेत, पण त्यांना कुलूप असतें, नाहीं तर आंत झाडू आणि पिंपें. म्हणून क्षणांत उघडणारा एक लहान तंबू आणि घडीची शौचाची खुर्ची बरोबर घेतली, आणि दर दीड तासानें गाडी थांबवावयाची असें ठरविलें. कारण फार वेळ एकाच बाजूवर भार पडला तर अशा रुग्णाची कातडी दुखावते आणि ती जखम महिनोगणती भरत नाहीं. ताम्हिणी घाटानें माणगांव, तेथून मंडणगड आणि दापोली असा रस्ता घेतला. एवढी तयारी करूनही जातांना दादांनीं पाण्यास हात लावला नाहीं. "नको, तहान नाहीं," एवढेंच म्हणाले. तंबू डिकींत तसाच राहिला.

मुरूड हें अण्णासाहेब कर्व्यांचें गांव. ते मुलगे असतांना परीक्षेसाठीं येथून पायीं सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास गेले होते, आणि वयानें लहान दिसतात म्हणून परीक्षकांनीं त्यांना परत पाठविलें. गाडी गांवांत शिरतांना दादांनीं ही हकीकत नातवंडांना सांगितली. आम्ही मात्र त्या वेळीं वाडीपासून ओल्या वाळूपर्यंतचें अंतर डोळ्यांनीं मोजीत होतों.

तें सुमारें ९० फूट निघालें. प्लायवुडच्या चार फूट चौरस सहा फळ्या आम्हीं नेल्या होत्या. त्या पुढें मांडीत आणि मागच्या उचलून पुन्हां पुढें आणीत वाट करावयाची. त्रयोदशीस हें काम पाऊण तास चाललें. चतुर्दशीस मालकांच्या वृद्ध मातोश्रींनीं झांपडींतून पाहून सांगितलें, "पाठमोरी ओढा कीं!" खुर्ची उलटी करून, किंचित् मागें कलवून ओढली म्हणजे लहान चाकें वर राहतात आणि मोठीं चाकें रुतत नाहींत. वीस मिनिटांत आम्ही ओल्या वाळूवर होतों.

तेथें खुर्ची सरळ करतांच ती इतकी सहज चालूं लागली कीं, मावशीनें मागच्या मुठी आपल्या हातांत मागून घेतल्या. दादा म्हणूं लागले, "सरळ... थोडें डावीकडे... पुढें ओघळ आहे, थांब." "पंग्वंधन्याय," ते आमच्याकडे वळून म्हणाले. सांख्यांनीं प्रकृति-पुरुषांसाठीं योजिलेला हा दृष्टांत आम्हीं कॉलेजांत पाठ केला होता. त्याला चाकें असतील असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. पाऊण मैल तीं दोघें अशीं गेलीं. पुतण्या दहा पावलें मागून चालत होता, त्याला जवळ यावयाची मनाई होती.

खाऱ्या पाण्यानें चाकांच्या आंतील छरे गंजतात, म्हणून पाण्यासाठीं स्नानाची प्लास्टिकच्या नळ्यांची खुर्ची आणली होती. ती पाण्याच्या कडेशीं ठेविली. दादा डाव्या पायावर उभे राहून, पुतण्याच्या दंडास धरून, वळून तींत बसले. आणखी पुढें न्यावें काय, असें आम्हीं विचारलें. "नको," ते म्हणाले, "पांच वाजून गेले. आतां तो येईल." आणि खरोखरच दहा-पंधरा मिनिटांत पहिलें पाणी त्यांच्या बोटांस लागलें, मग घोट्यांस. मावशी शेजारीं उभी होती. तिनें विचारलें, "रंग कसा आहे रे?" दादा म्हणाले, "कांसेच्या ताटासारखा."

मागें जाणारें पाणी पायांखालची वाळू घेऊन जातें, हा हिशेब मात्र वहींत राहून गेला होता. एका लाटेसरशीं खुर्चीचा मागचा पाय खचला आणि ती उजवीकडे कलली. चौघेही तरुण एकदम धांवले. दोघांचे हात दादांच्या काखेंत गेलेच होते. "उचलूं नका!" दादा ओरडले. इतका मोठा त्यांचा आवाज आम्हीं सहा वर्षांत ऐकला नव्हता. चौघेही जागच्या जागीं थांबले. क्षणभर आम्हांस फार भीति वाटली. दादांनीं डावा हात लांबविला, पुतण्याचा दंड पकडला, डावा पाय वाळूंत रोवला आणि ते उभे राहिले. धोतर भिजून पायांस चिकटलें होतें. कोणी हंसलें नाहीं, टाळ्याही वाजविल्या नाहींत. आम्हीं खुर्ची सरळ करून तिच्याखालीं एक फळी सारली. दादा वळून पुन्हां बसले, आणि म्हणाले, "आतां ठीक आहे. तुम्हीही बसा."

अंधार पडण्यापूर्वीं परत निघालों. रात्रीं मोठ्या खुर्चीचीं चाकें गोड्या पाण्यानें धुऊन तेल दिलें.

पौर्णिमेस सकाळीं लवकर गाडी हांकली. मंडणगडच्या अलीकडे दादांनीं मागें वळून वहिनींकडे हात केला आणि म्हणाले, "पाणी आहे का गं?" वहिनींनीं तांब्या पुढें केला. ते दोन पेले पाणी प्याले, आणि माणगांवच्या पुढें एका आंब्याच्या सांवलींत तंबू प्रथमच उघडला गेला.